वयात येताना एकटी पडलेली मुले

या सदरात आजवर मधुमेह, रक्तदाब, मुलांचे जंत, बायकांमधील रक्तक्षय अशा अनेक विषयांवर आपण बोललो. त्या विषयांवरच्या पत्रांखाली नाव असते, गाव असते, कधी घरचा फोन नंबरही असतो. एका विषयावरच्या पत्रांखाली मात्र नाव कधीच नसते. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच : ‘मुलगा चोवीस वर्षांचा आहे, नोकरी चांगली आहे, स्थळे येत आहेत. पण मुलींमध्ये मला रस नाही, मुलांबद्दलच आकर्षण वाटते, असे तो म्हणतो. डॉक्टर, यावर काही औषध आहे का?’

औषध नाही, कारण हा आजार नाही. माझे उत्तर एवढेच आहे. पण एवढ्या उत्तराने आईवडिलांचे समाधान होत नाही, हे मी जाणतो. ‘आजार नाही असे तुम्ही म्हणता, मग मुलगा खंगत का चालला आहे? त्याला झोप का नाही? अशा मुलांना एड्स होतो म्हणतात ते काय?’ हे पुढचे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे नीट द्यायची तर मला जरा लांबून, म्हणजे १९७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कहून यावे लागेल. कारण अशा मुलांच्या एका अख्ख्या पिढीचे काय झाले, याची नोंद तिथे वैद्यकशास्त्राच्या दप्तरात राहिली आहे. लपून राहिल्याने काय झाले, एकत्र आल्याने काय झाले, रोग आल्यावर काय झाले आणि त्यातून कशाने वाचवले, हे सगळे तिथे क्रमाने पाहता येते.

आपल्यासारख्याच गावांतली मुले

अमेरिका म्हटले की सगळे मोकळेढाकळे असेल असे आपल्याला वाटते. १९६० च्या आसपासची अमेरिका तशी नव्हती. १९६१ साली इलिनॉय राज्याने आपला कायदा बदलला, तोवर तिथल्या प्रत्येक राज्यात पुरुषापुरुषांतील शरीरसंबंध हा गुन्हा होता. केंद्र सरकारच्या नोकरीत अशी माणसे ठेवायची नाहीत, असा धडा १९५३ च्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानंतर गिरवला जात होता. अशी माणसे जमत त्या बारवर पोलीस छापे घालत, पकडलेल्यांची नावे वर्तमानपत्रात येत आणि नोकरी व घर दोन्ही जाई. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९५२ मध्ये काढलेल्या विकारांच्या यादीत समलिंगी आकर्षण होते. त्यावर ‘उपचार’ही होते. विजेचे झटके देत, पुरुषांची चित्रे दाखवून वांतीचे औषध देत.

अशा वातावरणात लहान गावातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वयात येई. बरोबरीची मुले मुलींच्या मागे लागलेली. आपल्याला तसे काही वाटत नाही, भलतेच वाटते, हे त्याला कळे. पण त्या वाटण्याला नाव ठाऊक नसे आणि तसा दुसरा माणूस पाहिलेला नसे. जगात असे आपण एकटेच, ही समजूत त्याच्या मनात घट्ट बसे. मग अठरा-वीस वर्षांचा झाला की तो बसमध्ये बसून मोठ्या शहराला जाई. शहराने त्याला बिघडवले, असे गावातले लोक म्हणत. खरे तर त्याचे जे काही होते ते गावातच ठरलेले होते. शहरात तो फक्त आपल्यासारखी माणसे शोधायला गेला होता.

२८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील स्टोनवॉल इन या बारवर छापा पडला. त्या वेळी गिऱ्हाइकांनी पळ काढला नाही. ती रस्त्यात उभी राहिली आणि पुढे काही रात्री चकमकी झाल्या. वर्षभराने त्याच तारखेला या लोकांनी भर दिवसा मोर्चा काढला.

नाचाने काय दिले

फेब्रुवारी १९७० मध्ये डेव्हिड मॅन्कुसो नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या जागेत नाचाची मेजवानी ठेवली. पुढे ही जागा ‘लॉफ्ट’ म्हणून ओळखली गेली. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. दारू विकली जात नसे. फळे असत, सरबत असे आणि उत्तम ध्वनियंत्रणेवर रात्रभर तबकड्या वाजत. काळे, गोरे, पोर्तो रिकोहून आलेले, पुरुष, स्त्रिया सगळे एकत्र नाचत. अशा जागांमधून जे संगीत वाढले त्याला जगाने डिस्को हे नाव दिले. नाचणाऱ्याला मध्येच थांबावे लागू नये म्हणून तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बारा इंची तबकडीवर सहा-सात मिनिटांचे झाले. किंग स्ट्रीटवरच्या एका जुन्या गॅरेजमध्ये ‘पॅरडाइस गॅरेज’ उभे राहिले. तिथेही दारू मिळत नसे. सॅन फ्रान्सिस्कोचा सिल्व्हेस्टर नावाचा काळा गायक आपण कोण आहोत हे जराही न लपवता गात असे, आणि १९७८ मध्ये त्याची गाणी जगभर वाजत होती.

डॉक्टर म्हणून मला या नाचगाण्यात रस का, असे कुणी विचारील. सांगतो. वयात येणे म्हणजे नुसती मिसरूड फुटणे नव्हे. कुणीतरी आवडणे, ते मित्रांना सांगणे, त्यांनी चिडवणे, नकार पचवणे, जवळीक कुठवर न्यायची हे समजणे, हे सगळे शिक्षण त्या वयात होत असते. आपली इतर मुले ते कॉलेजच्या कट्ट्यावर आणि नात्यातल्या लग्नांत शिकतात. समलिंगी मुलांचे हे शिक्षण राहून जाते. न्यूयॉर्कला आलेल्या मुलांनी पंचविशीत ते नव्याने सुरू केले. पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखी शंभर माणसे एका छताखाली दिसली. त्यांत चाळिशीचे शिक्षक होते, कारकून होते, शिंपी होते. असे असूनही माणूस नीट जगतो, म्हातारा होतो, हसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एकटेपणावर याहून मोठा इलाज माझ्या माहितीत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पंधराव्या वर्षी करायचा अल्लडपणा पंचविशीत, खिशात पैसे असताना आणि वडीलधारे जवळ नसताना केला की त्याला धरबंध राहत नाही. काही जागांमध्ये अमली पदार्थ सर्रास चालत. अनेकांशी शरीरसंबंध येत. परमा, गरमी, अमीबाची आव आणि ‘ब’ प्रकारची कावीळ यांचे प्रमाण या तरुणांत खूप वाढले. पेनिसिलिनने गुप्तरोग बरे होत असल्याने त्यांचे फारसे भय कुणाला उरले नव्हते.

त्या काविळीची एक गोष्ट मात्र आपल्या घरापर्यंत येते. १९७८ च्या अखेरीस डॉ. वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘हिपॅटायटिस बी’च्या लसीची मोठी चाचणी सुरू केली. दंडात सुई टोचून घ्यायला आणि वारंवार रक्त द्यायला १,०८३ समलिंगी पुरुष स्वखुशीने पुढे आले. लस गुणकारी ठरली आणि १९८१ मध्ये तिला मान्यता मिळाली. पुढे तिच्या जागी नव्या पद्धतीने बनवलेली लस आली. आज आपल्या सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाला कावीळ ‘ब’ची लस मोफत टोचली जाते, तेव्हा तिच्यामागे त्या मुलांचाही हात आहे.

वैद्यकशास्त्राने आपली यादी सुधारली

याच काळात डॉक्टरांच्या घरातही भांडण चालू होते. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीस समलिंगी आणि तीस इतर पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे कागद त्यांनी नावे काढून नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. कोणता कागद कोणाचा, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. आजार असता तर तो कागदावर उमटला नसता का?

१९७२ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत डॉ. जॉन फ्रायर तोंडावर मुखवटा चढवून आणि आवाज बदलून बोलले. आपण मानसोपचारतज्ज्ञ आहोत आणि समलिंगीही आहोत, असे त्यांनी सांगितले. नाव सांगितले असते तर नोकरी गेली असती. डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेने समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून काढले. काही सदस्यांनी हरकत घेतली म्हणून १९७४ मध्ये मतदान झाले. ५,८५४ विरुद्ध ३,८१० मतांनी निर्णय कायम राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. भारतीय मानसोपचार संस्थेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीर केले आहे. तेव्हा ‘हे तुमचे वैयक्तिक मत आहे का’ असे मला कुणी विचारू नये. या बाबतीत शास्त्राचे मत तेच माझे मत.

मग रोग आला

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी साथरोग पत्रिकेत लॉस एंजलिसमधील पाच तरुणांची नोंद छापली गेली. पाचही पूर्वी धडधाकट होते, पाचही समलिंगी होते आणि एरवी दुर्मीळ असलेल्या एका न्यूमोनियाने पाचही जण अंथरुणाला खिळले होते. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातून त्वचेवर जांभळे डाग पडणाऱ्या कर्करोगाच्या बातम्या आल्या. १९८२ मध्ये या रोगाला एड्स हे नाव मिळाले, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला, १९८५ मध्ये रक्ताची तपासणी निघाली. कावीळ ‘ब’च्या अभ्यासासाठी १९७८ पासून साठवलेले रक्त नंतर तपासले, तेव्हा दिसले की गाणी ऐन रंगात होती त्याच वेळी विषाणू गुपचूप पसरत होता. सिल्व्हेस्टर १९८८ मध्ये गेला. नाचाच्या त्या जागांवर जमणारी कितीतरी मुले चाळिशी गाठण्याआधी गेली.

‘बघा, पापाचे फळ,’ असे तेव्हाही लोक म्हणाले. विषाणूला पाप-पुण्य कळत नाही. निरोधशिवाय अनेकांशी संबंध येतो तिथे तो पसरतो, बाधित सुई वापरली तर पसरतो, आईकडून बाळाला जातो. आपल्या देशात १९८६ मध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीने चेन्नईत तो प्रथम शोधला, तो वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये. आणि भारतात तो मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतूनच पसरला. ट्रकचालकाकडून घरच्या लक्ष्मीला आजार गेला, तेव्हा त्या बाईचे कोणते पाप होते?

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सरकार हलायला फार वेळ लागला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या रोगावर पहिले मोठे भाषण केले ते १९८७ साली. पण नाचायला जमणारी माणसे एकमेकांना ओळखत होती. जानेवारी १९८२ मध्येच न्यूयॉर्कमध्ये ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ ही संस्था निघाली आणि एप्रिलमध्ये तिच्यासाठी निधी गोळा झाला तो पॅरडाइस गॅरेजच्या नाचाच्या मजल्यावर. आजारी माणसाला स्वयंपाक करून घालणे, त्याची चादर बदलणे, रुग्णालयात सोबत बसणे यासाठी स्वयंसेवक नेमले गेले. १९८३ मध्ये रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलन या दोघा रुग्णांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या सल्ल्याने एक पुस्तिका काढली. संबंध येणारच असतील तर निरोध वापरा, हा सल्ला तिने विषाणूचे नावही पक्के होण्याआधी लोकांपर्यंत नेला. आज आपल्या एसटी स्थानकावर जो फलक दिसतो त्याचे मूळ तिथे आहे.

ज्या वाटेने रोग आला त्याच ओळखीपाळखीच्या वाटेने बचावही आला. जो माणूस लग्न करून, तोंड लपवून, अंधारात कुठेतरी जाऊन येत होता, त्याच्यापर्यंत ना पुस्तिका पोचली ना स्वयंसेवक. तो आजार घेऊन घरी आला आणि शेवटपर्यंत बोलला नाही.

गाणे आले, गोष्ट आली नाही

मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा वसतिगृहात ‘कुर्बानी’ची कॅसेट दिवसरात्र वाजत असे. १९८० साली नाझिया हसनचा आवाज आला, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत डिस्को पोचला. पण हे संगीत कुणाच्या एकटेपणातून वाढले, ते आपल्याला कुणी सांगितले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत हा विषय न्यायवैद्यकात, गुन्ह्यांच्या प्रकरणात होता.

‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. स्त्रीकडे ओढ असणाऱ्या मराठी मुलीची ती कथा आहे. मुलींची कोंडी तर मुलांहून दुप्पट, कारण त्यांना घराबाहेर पडायचीही मुभा नसते. आणि क्वीन या वाद्यवृंदाचा जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट काढला. ही सगळी माणसे आपल्याच मातीतली आहेत.

‘लग्न करून द्या, ठीक होईल’

माझ्या दवाखान्यात मला सगळ्यांत जास्त ऐकू येणारा सल्ला हा आहे, आणि तो सगळ्यांत घातक आहे. दोनाचे चार हात झाले की मुलगा सुधारेल, असे मामा-काका सांगतात. लग्न हे औषध नाही. कुणाची मुलगी ही औषधाची गोळी नाही. अशा लग्नात मुलगा रोज खोटे जगतो, आणि आपल्यातच काही कमी आहे असे समजून मुलगी झुरते. मग वर्षाने सासू विचारते, पाळणा कधी हलणार? दोन घरे दुःखात पडतात. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही.

दुसरा सल्ला ‘हार्मोनची इंजेक्शने’. त्याने ओढीची दिशा बदलत नाही. तिसरा, बुवा-भगत. चौथा, पैसे घेऊन ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. तुमच्या मुलाला कुणी असे सांगितले, तर तक्रार राज्य वैद्यक परिषदेकडे करता येते.

आईवडिलांचे दुःख मला कळते. नातवंडांची स्वप्ने असतात, भावकीत मान खाली घालावी लागेल ही भीती असते. रडायला हरकत नाही. पण मुलासमोर ‘तू मेला असतास तर बरे’ असे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. जीव देण्याचा विचार या मुलांच्या मनात इतरांपेक्षा अधिक येतो, आणि घरच्यांनी जवळ घेतलेल्या मुलांत तो कमी येतो, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. मुलगा खंगतो तो त्याच्या ओढीने नव्हे. ती लपवण्याच्या ओझ्याने खंगतो.

लक्षात ठेवा

मुलाने तुम्हाला सांगितले, तर तो विश्वास आहे. लगेच उत्तर नाही सुचले तर ‘तू आमचाच आहेस’ एवढे म्हणा. त्याच्या परवानगीशिवाय नातेवाइकांत वाच्यता करू नका.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला. सज्ञान व्यक्तींचे संमतीने आलेले असे संबंध आता गुन्हा नाहीत. पोलिसांचे नाव घेऊन कुणी पैसे उकळत असेल तर घाबरू नका.

झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते.

तरुणांनो, लपूनछपून का होईना, संबंध आला असेल तर निरोध वापरला होता का, हे स्वतःला विचारा. सरकारी रुग्णालयातील ‘आयसीटीसी’ केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि ती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. धोक्याचा संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जाल तितके चांगले, औषधे सुरू केली तर लागण टळू शकते. लागण झालीच असेल तरी १९९६ नंतरच्या औषधांनी माणूस पूर्ण आयुष्य जगतो. ही औषधे आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही.

माझ्या डॉक्टर बंधुभगिनींना एकच विनंती. समोरच्या तरुणाला ‘लग्न झालेय का’ एवढेच विचारून थांबू नका आणि उत्तर ऐकून भुवई उंचावू नका. तो दार ढकलून आत आला, यातच त्याची अर्धी ताकद खर्च झालेली असते.

न्यूयॉर्कच्या मुलांना घर सोडून शेकडो मैल जावे लागले तेव्हा कुठे त्यांना ‘तू एकटा नाहीस’ हे ऐकायला मिळाले. आपल्या गावातल्या मुलाला ते स्वयंपाकघरात आईकडून ऐकायला मिळाले, तर त्याच्या पुढच्या कितीतरी दुखण्यांवर माझ्याकडे यायची वेळच येणार नाही.